माझ्या मयताला दहावा माणूस मिळेना

माझ्या मयताला नऊच माणसं जमली होती, आणि तीही फोन करकरून बोलावलेली.

यावरून माझी लोकप्रियता मोजू नये. (बायको म्हणते, मोजायला हरकत नाही.) मुद्दा दहाव्या माणसाचा आहे. आम्ही पनवेलचे मराठी ज्यू. घरात मराठी, कालवणात नारळाचं दूध, आडनावाच्या शेवटी 'कर' आणि शनिवारी शब्बाथचा विसावा. पूर्वी आमच्या आळीत नुसती हाक मारली तरी माणसं गोळा व्हायची. आता बरीच घरं इस्रायलला गेली आणि आम्ही मूठभर उरलो. आमच्यात कुठल्याही मोठ्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नवस फेडायचा असो की कुणाला मातीत पोचवायचं असो, दहा म्हणजे दहा, नऊ चालत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे माणसाचा स्वभाव कुणी बघत नाही, तो वेळेला मोजता येतो की नाही एवढंच बघतात.

या सगळ्याची सुरुवात नोआपासून झाली. नोआ म्हणजे माझ्या बायकोच्या, फ्लोराच्या, धाकट्या बहिणीची मुलगी. जन्म इस्रायलमधल्या अश्दोदचा, वाढली तिथेच. शहरं कशी वाढतात याचा ती अभ्यास करते आणि त्यासाठी सहा महिने नवी मुंबईतल्या एका कॉलेजात आली होती. राहायला आमच्याकडे. मराठी आईकडून, एस्तेरकडून शिकलेली, म्हणजे एस्तेरने देश सोडला तेव्हाची. आल्या दिवशी तिने मला विचारलं, "काका, इथून मुंबईस जाण्यास कोणते वाहन बरे?" मला वाटलं, आपल्या घरात कुणी शाळेतले जुने बाई-गुरुजीच राहायला आले.

तिला मुंबई बघायची होती. अभ्यासासाठी नव्हे, हौसेसाठी. आठवडाभर कॉलेज, शनिवारी मावशीबरोबर शब्बाथ, आणि रविवार उजाडला की पाठीवर पिशवी टाकून ही बाहेर.

पहिल्या रविवारी मी म्हणालो, "मुंबई मी दाखवतो. सगळी नोकरी फोर्टात झालीय माझी. डोळे बांधून फिरेन."

डोळे बांधूनच फिरलो असतो तर बरं झालं असतं. माझं जुनं ऑफिस दाखवायला नेलं, तिथे काचेचा टॉवर उभा. ज्या कँटीनचा खिमापाव मी तिला वर्णन करून करून भूक लागेपर्यंत सांगितला होता, तिथे मोबाइलची कव्हरं विकत होते. शेवटी एका गल्लीतून जवळचा रस्ता म्हणून घुसलो तो दुसऱ्याच कुणाच्या तरी गोदामात निघालो. तिथल्या हमालाने आम्हाला हात धरून बाहेर आणून सोडलं. नोआ सबंध वेळ सौजन्याने हसत होती. घरी आल्यावर मावशीला म्हणाली, "काका थकतात ना. पुढल्या खेपेस मी एकटीच जाईन."

मग ती एकटी जाऊ लागली. तिने स्वतःचा रस्ताही शोधला. पनवेलहून उरण, उरणहून मोरा, आणि मोऱ्याच्या जेट्टीवरून लाँचने थेट भाऊचा धक्का. म्हणे शहर समुद्राकडून बघावं, तेव्हा ते तोंड धुऊन समोर येतं. मी इतकी वर्षं पनवेलात काढली पण मुंबईला लाँचने जावं हे मला कधी सुचलं नव्हतं. (हे मी तिला सांगितलं नाही.) संध्याकाळी परत आली की फोटो दाखवायची. कुठल्या चाळीचे कठडे, कुठल्या गोदीतली मांजरं, कुठल्या पुलाखालचा न्हावी. आम्ही दोघं ते बघत बसायचो. खरं सांगतो, मुलं परदेशी गेल्यापासून आमच्या घरात रविवारची संध्याकाळ अशी पहिल्यांदाच भरली होती.

पण पोरगी दाराबाहेर पडली की फ्लोराचा जीव खालीवर. आणि फ्लोराच्या जिवाचा आणि एलियाहू हन्नाबीचा थेट संबंध आहे. एलियाहू हन्नाबी आमचा अडल्यानडल्याला धावणारा प्रेषित. कुणी परीक्षेला बसलं, कुणाला व्हिसा मिळाला, कुणाचं पोट दुखायचं थांबलं, की त्याच्या नावाने मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, बेदाणे, वर पाच फळं. आणि प्रार्थना म्हणायला, अर्थातच, दहा पुरुष. फ्लोरा एरवी मेणबत्ती नाहीतर अगरबत्तीवर भागवते. दहा माणसांचा नवस म्हणजे तिच्या दृष्टीने शेवटचं शस्त्र.

त्या रविवारी नोआ जाताना म्हणाली होती, "मावशी, मी दुपारच्या जेवणास परत येईन. आई बारा वाजता फोन करील. तिला मी प्रत्यक्ष दिसले पाहिजे." मागच्या दोन आठवड्यांत एस्तेरचा फोन आला की ही कुठेतरी धक्क्यावर नाहीतर टेकडीवर असायची, आणि एस्तेरने बजावलं होतं की या रविवारी घरात दिसली नाहीस तर उरलेले सगळे रविवार घरात बसायचे. अश्दोदला असली तरी ती शेवटी फ्लोराचीच बहीण.

बारा वाजले. नोआ नाही. तिचा फोन बंद.

एस्तेरचा व्हिडिओ कॉल आला. फ्लोराने कॅमेरा छताकडे धरला. "नोआ? अंघोळीला गेलीय गं."

थोड्या वेळाने परत फोन. "निघाली का?"

"केस धुतेय."

आणखी थोड्या वेळाने तिसरा फोन. "ताई, पनवेलला पाण्याची टंचाई असते ना?"

फ्लोराने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "जा आणि बघा," ती म्हणाली. "परक्याची पोर आहे हो. आपल्या भरवशावर पाठवलीय."

परक्याची कसली, पण तिचं म्हणणं मला कळलं. मी शर्ट चढवला, चपला अडकवल्या आणि निघालो. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला लावला होता, तो तिथेच राहिला. हे मला उरणच्या पुढे गेल्यावर आठवलं.

मोऱ्याला पोचलो तर समुद्रच गायब. म्हणजे होता, पण लांब. जेट्टीच्या अवतीभवती नुसता करडा चिखल, त्यात होड्या कलंडून पडलेल्या. तिकिटाच्या खिडकीवर कुणी नाही. कडेला एक बाई सुकी मासळी घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, "लाँच कधी आहे हो?"

"ओटी लागलीय, दिसत नाय काय?" ती म्हणाली. "पानी भरल्याबिगर कशी येल लाँच?"

"आमची मुलगी यायची होती. कुरळे केस, पाठीवर पिशवी, सारखे फोटो काढते."

"ती व्हय! दर आयतवारी येते. आमाला मावशी मावशी करते. माझा बी फोटो काढलान हाय तिनं." बाईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी काका काय? थकता म्हनं तुमी."

माझी कीर्ती समुद्रापर्यंत पोचली होती.

"पोरगी धक्क्यावर बसली असंल," ती म्हणाली. "भरती आली की पयल्या लाँचीनं येल. काय भ्याची गोष्ट नाय."

मग मी भरतीची वाट बघत बसलो. आयुष्यात बसची वाट बघितली, बढतीची बघितली, समुद्राची पहिल्यांदाच. बसवेना म्हणून जेट्टीच्या उतारावरून थोडा खाली गेलो, पलीकडे काही दिसतंय का बघायला. तिथे शेवाळ होतं. पुढचं सांगण्यासारखं नाही. मी बसलो, मग आडवा झालो, मग घसरत चिखलात शिरलो, कमरेपर्यंत नव्हे, चांगला गळ्यापर्यंत. दोन खलाशांनी मला काखेत हात घालून वर ओढलं. मासळीवाल्या बाईने माझ्या तोंडावर बादलीभर पाणी मारलं, त्याने चेहरा तेवढा मोकळा झाला. बाकीचा मी उन्हात वाळत बसलो. वाळल्यावर तो चिखल पांढुरका होतो हे मला माहीत नव्हतं.

अखेर पाणी भरलं. लाँच आली. एकेक माणूस उतरला. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो आणि माझ्या तोंडाकडे बघून प्रत्येक जण बाजूने जात होता. टोपल्या उतरल्या, सायकल उतरली, एक बोकड उतरला. नोआ उतरली नाही.

"नाय आली?" बाई म्हणाली. आता तिचाही आवाज उतरला होता. मी परत निघालो तर तिने मला अडवलं नाही की धीर दिला नाही, आणि त्यामुळेच मी जास्त घाबरलो.

इकडे घरी काय झालं ते मला मागाहून कळलं. ते इथेच सांगून टाकतो.

मी निघाल्याबरोबर फ्लोराने शेवटचं शस्त्र काढलं. पोरगी सुखरूप उंबरा ओलांडू दे, आजच्या आज दहा माणसांचा मलिदा करीन. दुसऱ्या कुणी नवस बोलला असता तर आधी पोरगी यायची वाट बघितली असती. फ्लोरा देवाशीसुद्धा उधारी ठेवत नाही. शिवाय आमच्यात दहा पुरुष जमवायला अर्धा दिवस जातो हे तिला माहीत. म्हणून तिने लगेच डेव्हिडला फोन लावला. डेव्हिड ठाण्याला राहतो. आमच्या समाजातलं जन्म, लग्न, मरण, सगळं त्याच्या फोनवरून जातं.

"डेव्हिड," फ्लोरा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "दहा माणसं पाहिजेत रे. आजच. दिवस मावळायच्या आत. तू बघ सगळं. मला काही सुचत नाहीये."

तेवढ्यात एस्तेरचा चौथा फोन आला, म्हणून तिने हा ठेवला.

आता डेव्हिडच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बाई रडतेय, दहा पुरुष मागतेय, दिवस मावळायच्या आत मागतेय. आमच्यात अशी घाई एकाच कामाला असते. त्याने मला फोन लावला. मी उचलला नाही. परत लावला, परत नाही. आणि गेल्याच महिन्यात छातीत दुखतं म्हणून मी दोन दिवस दवाखान्यात काढून आलो होतो. (गॅसेस निघाले. पण दाखल झालो ही बातमी सगळीकडे गेली, गॅसेसची कुणी पुढे पाठवली नाही.) डेव्हिडने डोळे पुसले आणि कामाला लागला. फ्लोराला उलट फोन करून नक्की कोण गेलं हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. अशा वेळी घरच्या बाईला असलं विचारतात का?

माणसं यायला लागली. आमच्या आळीतले आरोनकाका सगळ्यात आधी, ते वयाने थोरले आणि प्रार्थना तेच म्हणतात. ठाण्याहून डेव्हिड दोघांना घेऊन आला. पेणहून गाडी निघाली ती शिरढोणपाशी अडकली, पण आली. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, चेहरे लांब. एकाने येताना पांढरं कापड आणलं होतं, दुसऱ्याने कबरस्तानात सांगून ठेवलं होतं. फ्लोरा दार उघडून म्हणायची, "आलात? फार उपकार झाले," आणि आत जाऊन खोबरं खवायची.

खोबरं खवण्याचा आवाज बाहेर येत होता. नऊ पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं.

"बिचारी," आरोनकाका हळूच म्हणाले. "धक्का बसलाय. कामात मन गुंतवतेय."

फ्लोरा पदराला हात पुसत बाहेर आली. "काका, गूळ चालेल ना? साखर संपलीय."

"चालेल हो," काका म्हणाले, आणि त्यांना भडभडून आलं.

मयत कुठे आहे हे विचारायचं कुणी, यावर बराच वेळ कुजबूज झाली. शेवटी डेव्हिड म्हणाला, दवाखान्यातून यायचं असणार, कळंबोलीच्या चौकात अडकली असेल गाडी. सगळ्यांना ते पटलं. कळंबोलीच्या चौकात काहीही अडकू शकतं. शेजारच्या देशपांडेवहिनी मुगाच्या खिचडीचं पातेलं घेऊन आल्या, कारण मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. फ्लोराला वाटलं, शेजारणीला बातमी लागली, पोरीची वाट बघण्यात आपण जेवलो नाही म्हणून आणली असेल. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. कुणालाच काही विचारावं लागलं नाही, सगळ्यांना सगळं कळलं होतं.

अडचण एकच होती. नऊ झाले होते, दहावा मिळत नव्हता. डेव्हिडने फोनवर फोन लावले. एक जण पुण्याला, एकाचा पाय मोडलेला, एकाने सॅमी हे माझं नाव ऐकून कामात असल्याचं सांगितलं. (त्याचं नाव मी विसरलेलो नाही.)

आता मी. उरणहून बसने आलो. माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही, पुढच्याही नाही. रिक्षावाल्याने सीटवर वर्तमानपत्र पसरलं. बिल्डिंगच्या फाटकाशी उतरलो तर वॉचमन जागेवर नव्हता. जिना चढू लागलो आणि दुसऱ्या मजल्यावर पाय थांबले.

आमच्या दाराशी चपलाच चपला. पुरुषांच्या. दार सताड उघडं. आत टोप्या घातलेली माणसं खाली माना घालून बसलेली, आणि कोपऱ्यात घडी केलेलं पांढरं कापड.

मी कठडा धरला. नोआ. पोरीचं काहीतरी झालं. मी मोऱ्याला चिखलात लोळत होतो आणि इथे बातमी येऊन पोचली, माणसं जमली, सगळं झालं. एस्तेरला काय सांगायचं? रविवारची ती संध्याकाळ, ते मांजरांचे फोटो, "पुढल्या खेपेस" म्हणणारी ती पोर. मला रडायलाही येईना. वरच्या पायऱ्या मी बसत बसत चढलो.

आतून आरोनकाकांचा आवाज आला. दहावा येईपर्यंत चार शब्द बोलून घेत होते.

"सॅमी तसा," काका म्हणाले आणि थांबले. "तसा बरा होता."

मी पायरीवर थांबलो.

"कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळ्या कार्याला यायचा. वेळेवर यायचा असं नाही म्हणणार मी, पण जेवणाच्या आत पोचायचा. सिनेगॉगचं रंगकाम काढलं तेव्हा तर सॅमीने..." काका परत थांबले. "काय केलं होतं रे त्याने, डेव्हिड?"

"रंग कोणता द्यावा ते सांगितलं होतं," डेव्हिड म्हणाला.

"तो दिला होता का आपण?"

"नाही."

"असो," काका म्हणाले. "पण सांगितलं होतं."

आणि मला उलगडलं. पोरगी नव्हे, मी गेलो होतो! एवढा दिलासा मला उभ्या जन्मात कधी मिळाला नव्हता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. देवा, उपकार झाले, म्हटलं, मीच मेलोय! त्या आनंदात मी उरलेल्या पायऱ्या दोन दोन करून चढलो आणि दारात उभा राहिलो. गळ्यापासून पायापर्यंत वाळलेली पांढुरकी माती, चेहरा तेवढा उघडा, आणि त्यावर हसू.

आरोनकाकांनी मला बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. पेणवाला खुर्चीसकट मागे सरकला. देशपांडेवहिनी पातेल्याचं झाकण छातीशी धरून भिंतीला टेकल्या.

डेव्हिड मात्र हाडाचा कार्यकर्ता. तो घाबरला, पण त्याच्या ओठांतून शब्द निघाले ते हेच, "दहा झाले."

"नोआ कुठंय?" मी ओरडलो.

फ्लोरा खोवणीवरून उठून बाहेर आली. "म्हणजे तुमच्याबरोबर नाही? आणि हा काय अवतार?"

आता सगळे एकदम बोलू लागले. "तू मेला नाहीस?" "कोण मेलं?" "काकी, तुम्ही दहा माणसं..." "अरे मलिद्याला!" "मलिद्याला?" "मग खोबरं कशाला खवत होते मी?" अर्ध्या मिनिटात सगळं उलगडलं. मी मेलो नव्हतो हे चांगलंच होतं, पण पोरीचा पत्ता अजून नव्हता. फ्लोरा मटकन खुर्चीत बसली. डेव्हिड फोन काढून म्हणाला, "चला, दोन गाड्या आहेत. काकांनी उरणची बाजू पाहिलीय, आपण..."

आणि दारात नोआ उभी. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, हातात अंड्यांचा अख्खा ट्रे. तिच्या मागे वॉचमन, त्याच्या हातात दुसरा ट्रे.

झालं होतं ते एवढंच. ओहोटीने लाँच बंद पडली म्हटल्यावर ती धक्क्यावर थांबली नाही, नव्या सागरी पुलावरून येणारी बस शोधून आली. त्यात अख्खी दुपार गेली. फोन फोटो काढून काढून मेला होता. फाटकाशी आली तर वॉचमनने सांगितलं, तुमचे काका गेले, वर माणसं जमलीत. (त्याला कुणी सांगितलं? पांढरं कापड घेऊन येणाऱ्या माणसाने.) पोरगी तिथेच बसून रडली. मग वॉचमनच्या फोनवरून आईला कळवलं. मग तिला आठवलं की तिच्याकडे अश्दोदला सुतकाच्या घरी उकडलेली अंडी नेतात, म्हणून डोळे पुसून बाजारात गेली.

ती माझ्याकडे बघत राहिली. ट्रे तिने घट्ट धरला होता. मागे वॉचमनने मला बघितलं, आणि त्याचा ट्रे सगळाच्या सगळा आमच्या उंबऱ्यावर गेला.

"काका," नोआ म्हणाली, "आपण वारला नाहीत?"

"नाही गं," मी म्हणालो. "तू?"

"मीसुद्धा नाही."

मग तिने ट्रे डेव्हिडच्या हातात दिला आणि त्या चिखलासकट मला मिठी मारली. ती रडत होती, फ्लोरा रडत होती, मी तर जिन्यापासूनच रडत होतो. फ्लोराने आम्हा दोघांना एकदमच जवळ घेतलं आणि एकदमच झापलं. तिला फोन बंद ठेवल्याबद्दल, मला माझा घरी विसरल्याबद्दल.

डेव्हिडने खाकरून विचारलं, "मग काकी, मलिद्याचं करायचं ना? जमलोच आहोत."

मी अंघोळ करून आलो. पाणी तीन वेळा बदलावं लागलं. ताटात मलिदा, वर पाच फळं, मध्ये दिवा. आरोनकाकांनी एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं आणि दहा आवाज एकदम उठले. त्यातला दहावा माझा होता. माझ्या असण्याने एखादी गोष्ट पुरी झाली, असं मला याआधी कधी वाटल्याचं आठवत नाही. नोआ शेजारी उभी होती. तिचे ओठ हलत होते आणि डोळे मिटलेले होते.

मध्येच अश्दोदहून फोन. नोआने तो उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला. एस्तेरने किंकाळी फोडली. तिच्या मागे दहा-बारा पुरुष टोप्या घालून उभे होते. तिथे हाक मारल्याबरोबर जमले होते. भाऊजी जिवंत आहेत हे एस्तेरला पटवायला वेळ लागला. पटल्यावर तिने नाक पुसलं आणि विचारलं, "ताई, आता खरं सांग. अंघोळ झाली का तिची?"

ताईने कॅमेरा छताकडे धरला. नोआने तो परत खाली घेतला आणि आईला सगळं सांगितलं. आई पुष्कळ ओरडली, पण रविवार काढून घेतले नाहीत. आमच्या घरात आज इतकं मोठं मरण टळलंय म्हटल्यावर बाकीचं सगळं किरकोळ वाटत असावं.

मग आम्ही सगळ्यांनी मलिदा खाल्ला, वाचलेली अंडी उकडून खाल्ली आणि माझ्या सुतकाची खिचडी खाल्ली. खिचडी उत्तम होती. देशपांडेवहिनी म्हणाल्या, "तुम्हाला आवडते म्हणून तूप सढळ घातलं होतं." मी आभार मानले, पण मी गेल्यावर तूप कुणासाठी घातलं ते विचारलं नाही.

दिवेलागणीला माणसं निघाली. आरोनकाका काठी टेकत जिना उतरू लागले तसा मी त्यांना सोडायला गेलो. ते जरा ओशाळले होते.

"सॅमी, मनावर घेऊ नकोस हं. आयत्या वेळी जे सुचलं ते बोललो."

"छे छे, काका. छान बोललात," मी म्हणालो. "फक्त एक विचारू? खरोखरची वेळ येईल तेव्हा त्यात आणखी एखादी चांगली गोष्ट घालता येईल का?"

काका दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि बराच वेळ प्रामाणिकपणे विचार करत राहिले.

"घालू की," ते म्हणाले. "पण आधी तू काहीतरी कर तर खरं."

तेव्हापासून मी मनापासून झटतोय. परवा सुक्कोथच्या सणाचा मांडव घालायचा होता, मी सगळ्यांच्या आधी जाऊन हजर! खांब कुठे रोवावा ते मीच सांगितलं.

त्यांनी दुसरीकडे रोवला. पण सांगितलं मीच.